पाण्यावर वाऱ्याचा जोर किती? वेसाव्याच्या किनाऱ्यावरच्या कामाच्या नोंदी

समुद्राच्या पृष्ठभागावर वारा किती जोर लावतो, हे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळणाऱ्या साधनांनी कितपत काढता येतं, याच्या या नोंदी. हेच काम आणखी कुणी अलिबागला, मुरुडला किंवा डहाणूला करणार असेल तर त्यांचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून खर्चासकट लिहून ठेवतो आहे.

काढायचा आहे तो वाऱ्याचा ताण, म्हणजे पाण्याच्या दर चौरस मीटरवर वारा आडवा किती न्यूटन ओढ लावतो तो आकडा. सूत्र एका ओळीचं आहे: हवेची घनता, गुणिले घर्षणाचा गुणांक, गुणिले पाण्यापासून १० मीटर उंचीवरच्या वेगाचा वर्ग. वेग वर्गात असल्यामुळे वेग १० टक्के चुकला तर जोर २० टक्क्यांच्या वर चुकतो. पुढच्या जवळजवळ प्रत्येक नोंदीत हेच पुन्हा आडवं येणार आहे.

प्रश्न वेसाव्याच्या (मुंबईतल्या वर्सोव्याच्या) कोळीवाड्यातून आला. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा लागून राहिला की भरतीच्या तक्त्यात दिलेल्या उंचीपेक्षा पाणी वर चढतं. त्यात वाऱ्याचा वाटा किती? होड्या कुठवर ओढून ठेवायच्या ते त्यावर ठरतं.

१४ मार्च

तीन वाट्यांचा तयार वेगमापक आणि सोबतचा दिशादर्शक आणला, दोन्ही मिळून ₹२,८००. मायक्रोकंट्रोलर बोर्ड, मेमरी कार्डाचा भाग, घड्याळाची चिप आणि हवेचा दाब मोजणारा सेन्सर, असे आणखी ₹१,१००. आमच्या सात मजली इमारतीची गच्ची समुद्रापासून दोन गल्ल्या आत आहे. सोसायटीने परवानगी दिली. कठड्याला बांबू बांधून मापक गच्चीच्या २ मीटर वर बसवला.

२२ मार्च

गच्ची बाद.

आकडे उंच येत होते, आणि किनाऱ्यावर हातात धरलेल्या छोट्या मापकाशी कुठलंही एकच गुणोत्तर जुळत नव्हतं. कधी गच्चीवर दीडपट, कधी निम्मं. भाचीने (अकरावीला आहे, प्रोग्रॅम तिनेच लिहिला) लांब बांबूला दर अर्ध्या मीटरवर रिबिनी बांधल्या आणि तो मापकाशेजारी उभा धरला. दुपारचा खारा वारा वाहत असताना वरच्या रिबिनी जमिनीकडे फडकत होत्या आणि कठड्याजवळच्या खालच्या दोन उलट्या, समुद्राकडे! इमारतीच्या धारेवर आपटून वारा वर उसळतो, वरच्या थरात वेग वाढतो आणि खालच्या थरात भोवरे फिरतात. आमचा मापक या दोन थरांच्या सीमेवर होता. तिथे जे मोजलं जातं ते इमारतीने वाऱ्याचं काय केलं ते. पाण्याशी त्याचा काही संबंध उरत नाही.

गच्चीवर मापक लावायचाच असेल तर रिबिनीची ही चाचणी आधी करा. दहा रुपयांत आणि अर्ध्या तासात उत्तर मिळतं.

सांताक्रूझ विमानतळाच्या दर अर्ध्या तासाच्या नोंदीही काही दिवस उतरवून घेतल्या. त्या नॉटमध्ये असतात, १ नॉट म्हणजे ०.५१ मीटर प्रतिसेकंद. त्या जमिनीवरच्या वाऱ्याच्या. आपल्याला जुहू-वेसाव्याची घरं ओलांडण्याआधीचा वारा हवा आहे.

३० मार्च

जागा ठरवण्यासाठी हा नियम वापरला: पाण्यावरून आलेला वारा जमिनीवर चढला की जमिनीमुळे बिघडलेला थर साधारण दहास एक या प्रमाणात वर वाढतो. पाणी आणि खांब यांत ५० मीटर वाळू असेल तर सुमारे ५ मीटर उंचीपर्यंतचा वारा वाळूचा झालेला असतो, त्याच्या वरचा अजून समुद्राचा. म्हणून खांब पाण्याच्या शक्य तितक्या जवळ आणि ५ मीटरपेक्षा उंच हवा.

धक्क्यावर खांब लावायला परवानगी मागितली होती. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरला आणि पावसाळा जवळ येत होता, म्हणून तो नाद सोडला. मच्छीमार सोसायटीने बोंबील वाळवण्याच्या वलांडींच्या पलीकडचा, अगदी किनाऱ्याकडचा कोपरा दिला. भरतीला पाणी तिथून २० मीटरवर येतं.

६ एप्रिल

जीआय पाइप ६ मीटर लांबीचाच मिळतो, तोच घेतला. पाइप, पायाला सिमेंट आणि हमाली मिळून ₹३,४००. तीन बाजूंनी नायलॉनच्या दोरांचे ताण दिले. दोर कोळीवाड्यात होडी चालवणाऱ्या नाखवा काकांनी दिले आणि गाठीही त्यांनीच मारल्या. पाइप उभा राहिल्यावर ते म्हणाले, "सर, हा नायलॉन भिजला की सैल पडतो. पावसात दर आठवड्याला ओढून घ्यावा लागेल." त्यांचं हे म्हणणं जुलैत पुन्हा येईल.

आता उंचीचा हिशेब. खांबाचा पाया सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे ३.५ मीटर वर आहे, म्हणजे मापक सरासरी पाण्यापासून ९.५ मीटरवर. पण मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर जातो. म्हणजे पाण्यापासूनची उंची दिवसातून दोनदा सुमारे ७.५ ते ११.५ मीटर अशी बदलत राहते. उंचीनुसार वेग लॉगॅरिदमच्या नियमाने वाढतो. समुद्राचा खडबडीतपणा ०.०००२ मीटर धरला तर या दोन टोकांत वेगाचा फरक ४ टक्के, जोराचा ८ टक्के. जिथे भरती-ओहोटीचा फरक लहान आहे तिथे हे सोडून देता येईल, मुंबईत नाही. प्रोग्रॅममध्ये भरतीचा तक्ता घातला आणि प्रत्येक नोंद त्या वेळच्या पाण्यापासून १० मीटर उंचीवर आणून ठेवली.

ओहोटीची गोष्ट वेगळी. पाणी मागे गेलं की खांबापुढे दीडशे मीटर ओली वाळू उघडी पडते, आणि दहास एकच्या नियमाने बिघडलेला थर मापकाच्या वर जातो. म्हणून ओहोटीच्या आसपासचे तास हिशेबातून काढून टाकले. नोंदी कमी झाल्या, पण उरल्या त्या समुद्राच्या.

१० एप्रिल

कार्डावर ५५ आणि ६० मीटर प्रतिसेकंदाचे झोत दिसले. बाहेर झुळूक होती.

मापकाच्या आत चुंबकाने मिटणारा रीड स्विच असतो. मिटताना त्याची पाती थरथरते आणि एका फेरीचे दोन-तीन ठोके मोजले जातात. असा एक खोटा ठोका साध्या सरासरीत दिसतही नाही, वर्ग केल्यावर मात्र सगळी नोंद खराब करतो. उपाय: एका ठोक्यानंतर ५ मिलिसेकंदांत आलेला दुसरा ठोका धरायचा नाही. २० मीटर प्रतिसेकंदाच्या वाऱ्यातही दोन खऱ्या ठोक्यांत ३० मिलिसेकंदांहून जास्त अंतर असतं, त्यामुळे खरं काही गळत नाही. शिवाय स्विचला एक छोटा कपॅसिटर जोडला. खोटे झोत गेले.

१९ एप्रिल

मापकासोबतच्या कागदावर लिहिलं होतं: सेकंदाला एक ठोका म्हणजे ताशी २.४ किलोमीटर. त्यावर विसंबून राहायचं नव्हतं.

पहाटे वारा पडलेला असताना मढ-मार्वे रस्त्यावर गाडी नेली. टपाच्या पुढच्या कडेला दीड मीटर उंच नळी बांधून तिच्यावर मापक ठेवला. टपाला लगटून ठेवला तर गाडीने दाबलेली हवा मोजली जाते. वेग जीपीएसवरून घेतला. ताशी २०, ३० आणि ४० किलोमीटर, प्रत्येक वेगाने जाताना आणि येताना, आणि दोन्हींची सरासरी, म्हणजे जो थोडा वारा असेल तो वजा होतो. मागे भाची लॅपटॉप धरून, पुढे मी, आणि रस्त्यावर दूधवाल्यांखेरीज कुणी नाही. रविवारी पहाटे साडेपाचच्या आत हे काम उरकावं, नंतर जमत नाही.

निघालं ते असं: वेग = ०.३५ + ०.६९ गुणिले दर सेकंदाचे ठोके, मीटर प्रतिसेकंदात. ताशी ४० ला कागदावरचा हिशेब ३७.४ दाखवत होता, म्हणजे साडेसहा टक्के कमी. जोरात हीच चूक जवळजवळ १३ टक्के होते. ताशी २० ला ती त्याहून मोठी आहे, कारण सुरुवातीचा ०.३५ बेअरिंगच्या अडकावातून येतो आणि मंद वाऱ्यात तोच जास्त बोचतो.

२८ एप्रिल

दिशादर्शकाच्या आतल्या फिरत्या रोधाला काही अंशांची मृत जागा असते, तिथे तो काहीच सांगत नाही. ती जागा उत्तरेला होती, आणि एप्रिल-मेमध्ये इथला खारा वारा पश्चिम ते वायव्य वाहतो, संध्याकाळी आणखी उत्तरेकडे सरकतो. दर्शक फिरवून मृत जागा पूर्वेला, घरांकडे केली. तिकडून येणारा वारा आपल्याला नकोच आहे.

होकायंत्र पाइपजवळ धरू नका, लोखंडामुळे वाटेल तिथे वळतं. दहा पावलं दूर उभं राहून लांबची एखादी ठरलेली खूण धरून दिशा घ्या. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच आहे, त्यामुळे आणखी दुरुस्ती करावी लागत नाही.

ठेवलेली दिशा: २१० ते ३३० अंश. बाकी सगळं रिकामं.

९ मे

ही नोंद मोठी होणार, कारण या कामातली सगळ्यात महागात पडणारी गोष्ट हीच आहे.

महिन्याची सरासरी वाऱ्याची गती घ्यायची, वर्ग करायचा आणि जोर काढायचा, असं पुष्कळ ठिकाणी केलेलं दिसतं. मे महिन्यातल्या मुंबईत ते अजिबात चालत नाही. रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वारे असतात, दुपारनंतर समुद्रावरून जोरदार खारे वारे. सोपं करून बघू: बारा तास १ मीटर प्रतिसेकंद समुद्राकडे, बारा तास ६ मीटर प्रतिसेकंद किनाऱ्याकडे. (मतलई वाऱ्याचा आमच्या खांबावरचा आकडा पाण्याला लागू होत नाही, तो इथे हिशेबापुरता धरला आहे.)

दिशेसह सरासरी घेतली तर २.५ किनाऱ्याकडे. वर्ग ६.२५. आता प्रत्येक वेळेचा वर्ग आधी, दिशा सांभाळून: रात्रीचा उणे १, दुपारचा अधिक ३६, सरासरी १७.५. त्याच दिवसाचा जोर जवळजवळ पावणेतीन पट निघाला. हवेची घनता १.१५ किलो प्रतिघनमीटर आणि गुणांक ०.००१२ धरला तर एका रीतीने ०.००९ न्यूटन, दुसऱ्या रीतीने ०.०२४.

रात्रीचा वारा दुपारच्या वाऱ्याला वेगात थोडं तरी खोडतो, जोरात जवळपास खोडतच नाही. म्हणून आधी जोर, मग सरासरी. आम्ही दर दहा मिनिटांची सरासरी गती घेतो, तिचा जोर काढतो, त्याचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन भाग करतो, आणि मग त्या भागांची दिवसाची, आठवड्याची हवी ती सरासरी घेतो. दहा मिनिटांच्या आतल्या झोतांनी फारसं बिघडत नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात गतीचा चढउतार साधारण १० टक्के असतो, त्याने वर्गाच्या सरासरीत टक्काभराचाच फरक पडतो.

प्रोग्रॅम पुन्हा लिहावा लागला. जुन्या रीतीने कार्डावर फक्त तासाची सरासरी जात होती, त्यामुळे एप्रिलच्या नोंदी या कामाला उपयोगाच्या राहिल्या नाहीत. कार्ड १६ जीबीचं आहे, दहा-दहा मिनिटांच्या नोंदींनी ते भरत नाही. कच्चे आकडे ठेवायलाच हवेत.

१७ मे

लाटांच्या फेसावरून वारा ओळखण्याचा प्रयत्न.

१८०५ च्या सुमारास फ्रान्सिस ब्यूफर्टने आखलेली मोजपट्टी आता समुद्राच्या रूपावरून वारा सांगते. तिसऱ्या अंकाला, म्हणजे ३.४ ते ५.४ मीटर प्रतिसेकंदाला, शिखरं फुटू लागतात आणि विरळ पांढरा फेस दिसतो. पाचव्या अंकाला, ८ ते १०.७ ला, तो सगळीकडे दिसतो. सातव्याला फेसाचे पट्टे वाऱ्याच्या दिशेने ओढले जातात. फेसाने व्यापलेल्या क्षेत्रफळाची १९८० साली मांडलेली सूत्रंही आहेत. त्यांनुसार १० मीटर प्रतिसेकंदाला पाण्याचा सुमारे १ टक्का भाग पांढरा असतो. फोनने फोटो काढायचे, पांढरे ठिपके मोजायचे, वेगमापकाशी ताडून बघायचं, असा बेत होता.

वेसाव्याला तो फसला. किनाऱ्यालगत पाणी उथळ आहे, तिथल्या लाटा वाऱ्याने नव्हे तर तळ लागल्यामुळे फुटतात. वारा पूर्ण पडला तरी लांबून आलेल्या लाटांचा फेस तितकाच. पाणी गढूळ, त्यामुळे फेस लवकर विरतही नाही. तळ न लागणारं पाणी बघायचं तर दूर बघावं लागतं, आणि सातव्या मजल्यावरूनही इतक्या तिरक्या कोनात पुढची लाट मागचा फेस झाकते.

नाखवा काकांना मात्र होडीतून, १५ किलोमीटर बाहेर, नुसत्या नजरेने अंक सांगता येतो. सुकाणू धरल्या धरल्या त्यांनी सांगितलेला अंक आणि मी होडीच्या पुढच्या टोकाला उभं राहून हातातल्या मापकावर घेतलेली गती (होडीचा वेग वजा करून) बहुतेक वेळा जुळली. चुकली तर एका अंकाने, आणि तीही मंद वाऱ्यात. चाळीस वर्षांची नजर आहे. त्यांचे अंक आता आमच्या तक्त्यात वेगळ्या रकान्यात जातात.

२६ मे

मापक सकाळी अडखळत फिरत होता. उघडला तर बेअरिंगच्या कडेला पांढरं मीठ आणि आत तांबडा गंज. किनाऱ्यावर लोखंडी बेअरिंग दोन महिन्यांत जातं. स्टेनलेस स्टीलची बेअरिंगं ₹३६० ला जोडी मिळाली. जाड ग्रीस धुऊन काढून पातळ तेल घातलं आणि वरून पाण्याला अडवणारी छोटी टोपी बसवली. नवीन बेअरिंग घातलं की गाडीवरची चाचणी पुन्हा करावीच लागते. ०.३५ चा आकडा ०.२८ झाला, ०.६९ तसाच राहिला. अडखळू लागल्याची नेमकी तारीख सांगता येत नाही, म्हणून त्याआधीच्या आठवड्यातले ३ मीटर प्रतिसेकंदाखालचे आकडे काढून टाकले.

१ जून

आजपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. होड्या वर ओढल्या, नाखवा काकांचा रकाना दोन महिने रिकामा राहणार. बोर्डाच्या डब्यात सिलिका जेल टाकलं. वायर डब्यात शिरण्याआधी खाली लोंबणारा झोल दिला, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून थेंबाथेंबाने खालीच गळतं.

१५ जून

पावसाळी वारा लागला. सलग काही तास १२ मीटर प्रतिसेकंद. आता खरा प्रश्न गुणांकाचा.

गुणांक स्थिर नसतो. वारा वाढला की लाटा वाढतात, पाणी खडबडीत होतं आणि वाऱ्याची पकड वाढते. लार्ज आणि पाँड यांनी १९८१ साली दिलेला नियम वापरायला सोपा आहे: ४ ते ११ मीटर प्रतिसेकंदापर्यंत ०.००१२, त्यापुढे २५ पर्यंत गतीला ०.०६५ ने गुणून त्यात ०.४९ मिळवायचे आणि हजाराने भागायचं. स्मिथ यांच्या १९८० च्या आणि वू यांच्या १९८२ च्या सूत्रांतही चढ जवळजवळ तोच आहे, फक्त ०.४९ च्या जागी अनुक्रमे ०.६१ (चढ ०.०६३) आणि ०.८ येतात.

१२ मीटर प्रतिसेकंदाला तिन्हींची उत्तरं: लार्ज-पाँड ०.२१, स्मिथ ०.२३, वू ०.२६ न्यूटन प्रतिचौरसमीटर. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या उत्तरात पाव हिश्शाचं अंतर. घरी बनवलेल्या साधनाने हा वाद सुटणार नाही. तो सोडवायचा तर सेकंदाला दहा-वीसदा वाऱ्याचे आडवे-उभे झटके एकत्र मोजणारा ध्वनिलहरींचा मापक लागतो, आणि त्याची किंमत लाखांत जाते. आम्ही लार्ज-पाँड धरला आणि तो शेवटपर्यंत बदलला नाही. तुम्ही कुठलाही धरा, पण तक्त्याच्या वर त्याचं नाव लिहा. नाव न लिहिलेले दोन तक्ते एकमेकांशी ताडता येत नाहीत.

आकडे लहान वाटतात. ०.२१ न्यूटन म्हणजे चौरस मीटरवर जेमतेम २१ ग्रॅमची ओढ. पण एका चौरस किलोमीटरवर तीच २१ टनांची होते, आणि पावसाळी वारा अरबी समुद्रावर हजारो किलोमीटर वाहत येतो. ६ मीटर प्रतिसेकंदाला ०.०५, १२ ला ०.२१, १८ ला ०.६२. वेग तिप्पट झाला आणि जोर बारा पटींच्या वर गेला.

चक्रीवादळासाठी हा तक्ता पुढे ताणू नका. २००३ साली पॉवेल आणि सहकाऱ्यांनी अटलांटिक आणि पॅसिफिकमधल्या वादळांत सोडलेल्या उपकरणांवरून दाखवलं की साधारण ३३ मीटर प्रतिसेकंदाच्या पुढे गुणांक वाढत नाही. फेस आणि तुषारांनी पृष्ठभाग झाकला जातो. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईजवळून गेलं तेव्हासारख्या वाऱ्याला साधं सूत्र लावलं तर उत्तर फुगतं.

२७ जून

पाण्याची पातळी. धक्क्याच्या जुन्या खांबाला पट्टी बांधली, पण लाटांमुळे वाचता येईना. मग तीन इंची पीव्हीसी पाइप उभा बांधला, तळ बंद करून त्यात १० मिलिमीटरचं एकच भोक पाडलं. लाटा बाहेर राहतात, भरती आत येते. पहिल्या आठवड्यातच भोक गाळाने बुजलं आणि आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा तासभर मागे राहू लागलं. आता दर भांगाला (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा) तारेने भोक साफ करतो. पाइप ₹४२०.

तक्त्यातली भरती वजा केल्यावर जे उरतं ते सगळं वाऱ्याचं नसतं. हवेचा दाब १ हेक्टोपास्कल उतरला की समुद्र सुमारे १ सेंटिमीटर चढतो. पावसाळ्यात मुंबईचा दाब हिवाळ्यापेक्षा दहाएक हेक्टोपास्कल कमी असतो, म्हणजे वाऱ्याआधीच दहा सेंटिमीटर गेले. म्हणून दाबाचा सेन्सर सुरुवातीपासून हवा. शिवाय तक्ता अपोलो बंदरचा आहे, वेसाव्याचा फरक कायमचा वेगळा. तो शोधण्यासाठी मंद वाऱ्याच्या दिवसांची पातळी पाया धरली.

वाऱ्याचा वाटा काढायला: जोर गुणिले पाण्यावरचं अंतर, भागिले पाण्याची घनता, गुरुत्व आणि खोली यांचा गुणाकार. मुंबईबाहेर समुद्राचा उथळ कट्टा रुंद आहे. १०० किलोमीटर आणि सरासरी खोली ३० मीटर धरली तर ०.२१ न्यूटनला ७ सेंटिमीटर येतात, ०.०५ ला दीड ते दोन. म्हणजे १२ आणि ६ च्या वाऱ्यांत सुमारे ५ सेंटिमीटरचा फरक पडायला हवा. दाब सारखाच असलेल्या दिवसांच्या जोड्या लावल्या, तर पाइपात फरक ८ च्या आसपास दिसतो. उरलेले तीन बहुधा किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा पाणी पुढे रेटतात त्यांचे.

कोळीवाड्यातल्या मंडळींना हे सांगितलं तेव्हा त्यांना वाऱ्याचा वाटा फार कमी वाटला. उधाणाच्या भरतीसमोर तो कमी आहेच. पण दाब, वारा आणि लाटा एकाच दिवशी जमून आल्या की वीस-पंचवीस सेंटिमीटर होतात, आणि वरच्या होड्यांच्या रांगेला तेवढं पुरतं.

८ जुलै

उपग्रहाशी ताळा. इस्रोचा ओशनसॅट-३ हा २६ नोव्हेंबर २०२२ ला सोडला. त्यावरचा स्कॅटरोमीटर १३.५ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यावर पाडतो आणि परत येणाऱ्या लहरींवरून वारा काढतो. त्याला दिसतात त्या साधारण दीड सेंटिमीटरच्या लहानशा तरंगरेषा. त्या वाऱ्याच्या ओढीनेच उठतात, म्हणून मला हे मोजमाप आपल्या कामाच्या सगळ्यात जवळचं वाटतं. मॉसडॅकवर (इस्रोच्या उपग्रहांच्या नोंदींचं संकेतस्थळ) नोंदणी केली की आकडे फुकट मिळतात.

दोन अडचणी. किनाऱ्यालगतच्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीचा परतावा मिसळतो, म्हणून आपल्या खांबासमोरचं पाणी त्याला नीट दिसतच नाही. दुसरं, या लहरींना जोराचा पाऊस बाधतो, आणि जुलैत पाऊस नसलेला दिवस शोधावा लागतो. पावसाची खूण असलेले ठिपके काढून टाका. युरोपच्या मेटॉप उपग्रहांवरचा ॲस्कॅट ५.३ गिगाहर्ट्झचा आहे, त्याला पाऊस कमी बाधतो. दोन्ही शेजारी ठेवून बघतो आहे. बाहेरच्या समुद्रात वारा आमच्या खांबापेक्षा जास्त, हे दोन्हींत दिसतं.

बोयांचे (समुद्रात तरंगत ठेवलेल्या मापकांचे) आकडे वापरणार असाल तर उंची बघा. राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या नांगरलेल्या बोयांवर वारा पाण्यापासून ३ मीटरवर मोजला जातो. तो १० मीटरवर आणायला गती सुमारे १२ टक्क्यांनी वाढवावी लागते, म्हणजे जोर जवळजवळ सव्वापट.

२१ जुलै

नायलॉनचा ताण सैल पडला, पाइप रात्रभर हलत राहिला आणि एका जोडातून पाणी शिरून कार्डाचे संपर्क हिरवे पडले. रात्रीतल्या आणि पुढच्या दोन दिवसांतल्या सगळ्या नोंदी गेल्या, नेमक्या सगळ्यात जोरदार वाऱ्याच्या. दारूखान्यातून (जहाजांच्या जुन्या सामानाचा मुंबईतला बाजार) स्टेनलेसची तार आणि ती ताणायला तीन टर्नबकल आणले, ₹१,६५०. पाऊस सुरू होण्याआधी हे करायला हवं. आता बोर्ड रोज संध्याकाळी आकडे फोनवरही पाठवतो.

१८ ऑगस्ट

बोटी पुन्हा बाहेर. नाखवा काकांनी खाडीच्या तोंडावरची एक गोष्ट दाखवली: ओहोटीचं पाणी बाहेर धावतं आणि समोरून वारा येतो तेव्हा लाटा उभ्या आणि आखूड होतात, तोच वारा भरतीच्या वेळी सौम्य वाटतो. सूत्रातला वेग पाण्याच्या तुलनेतला हवा. वारा ५ मीटर प्रतिसेकंद, प्रवाह अर्धा मीटर. समोरासमोर ५.५, एकाच दिशेने ४.५. जोरात दीडपट फरक. उघड्या समुद्रात पावसाळी वाऱ्यासमोर प्रवाह नगण्य ठरतो, खाडीच्या तोंडाशी मात्र तो हिशेबात घ्यावाच लागतो. प्रवाह मोजायला अजून काही नाही. नारळ सोडून वेळ लावतो, दोन खुणांमधलं अंतर ठरलेलं आहे.

२९ सप्टेंबर

एकूण खर्च ₹१३,००० च्या आसपास, त्यात गाडीचं पेट्रोल आणि फुकट गेलेली बेअरिंगं धरली आहेत. वेळ सगळ्यात जास्त गेला तो जागा आणि परवानगीत, प्रोग्रॅममध्ये नाही.

तक्त्यात ठेवलेले रकाने: वेळ, दहा मिनिटांची गती, तिचा चढउतार, दिशा, दाब, हवेचं तापमान, त्या वेळची भरतीची उंची, १० मीटरवर आणलेली गती, जोराचे दोन भाग, पाइपातली पातळी, नाखवा काकांचा अंक आणि शेरा. शेऱ्यात बेअरिंग कधी बदललं, भोक कधी साफ केलं, दोर कधी ओढला हे येतं.

हिवाळ्यात पाण्याचं तापमान मोजायचं आहे. उत्तरेची कोरडी गार हवा कोमट पाण्यावर आली की हवा खालून तापून ढवळली जाते आणि त्याच गतीला ओढ वाढते. आतापर्यंतचा आमचा उंचीचा हिशेब हे धरत नाही. पाण्यात सोडायचा सेन्सर ₹१८० चा आहे, पण त्याची वायर गाळात आणि जाळ्यांत अडकणार नाही अशी जागा अजून सापडलेली नाही. मच्छीमार सोसायटीचा बर्फासाठीचा तराफा असतो तिथे एकदा बघून येणार आहे.